दुबळ्यांच्या वाट्याला लस शेवटी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एकाच वर्षात जगात १ कोटी ८ लाख माणसांना क्षय जडला आणि साडेबारा लाख माणसे त्याने दगावली. मृतांपैकी १ लाख ६१ हजार माणसांना एचआयव्हीची बाधा होती. नव्या रुग्णांपैकी २६ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून अधिक, एकट्या भारतातले होते. २०२५ पर्यंत भारत क्षयमुक्त करण्याची घोषणा २०१८ मध्ये राजधानीत मोठ्या समारंभाने करण्यात आली होती. वरील आकडे त्या घोषणेची साक्ष देत नाहीत.

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात तो कधी ना कधी शिरलेला आहे. पण त्यांतील बहुसंख्य आजारी पडत नाहीत, कारण शरीरातील रक्षक पेशी त्याच्याभोवती तट उभारून त्याला कोंडून ठेवतात. तट ढासळला की रोग उफाळतो. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या या रक्षक पेशी मारतो, म्हणून त्याची बाधा असलेल्या माणसाला क्षय जडण्याचा धोका इतरांपेक्षा दहा पटींहून अधिक असतो. मधुमेह, सिलिकोसिस, मूत्रपिंडरोपणानंतर घ्यावी लागणारी औषधे आणि दीर्घकाळची उपासमार यांनीही हा तट खचतो. जंतूचा पहिला बळी प्रतिकारशक्ती खचलेला माणूस असतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग क्षयाच्या लशीचे संशोधन ज्या रांगेने चालते, तिच्यात हाच माणूस शेवटी का उभा आहे?

विज्ञान अजून तेथवर पोहोचलेले नाही, असे उत्तर धनिक देशांच्या औषधकंपन्या आणि त्यांचे येथील भाट देतात. हे उत्तर अर्धसत्य आहे, आणि त्यामागे दडवलेले दुसरे अर्धे सत्य कष्टकरी जनतेपुढे मांडणे अगत्याचे आहे.

बीसीजीची कामगिरी आणि तिची मर्यादा

आजही जगभर सर्रास दिली जाणारी क्षयाची लस एकच आहे, ती म्हणजे बीसीजी. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत आणि कामिय ग्येरँ या दोघांनी १९०८ पासून तेरा वर्षे गुरांच्या क्षयाचा जंतू सुमारे २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवत नेऊन त्याला निर्बल केले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ती लस प्रथम एका बालकाला देण्यात आली. पुढे तिचे वाण देशोदेशींच्या प्रयोगशाळांकडे गेले. ती कोणा एका कंपनीची मालमत्ता झाली नाही, म्हणूनच ती गरीब देशांच्या बालकांपर्यंत पोहोचू शकली. भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळच्या गिंडी येथे सरकारी प्रयोगशाळेत तिचे उत्पादन सुरू झाले.

बालकांना होणाऱ्या मेंदूच्या आणि सर्वांगी क्षयापासून ही लस चांगले संरक्षण देते. पण प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर ती किती उपयोगी पडते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६८ मध्ये तमिळनाडूच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात सुमारे ३ लाख ६० हजार लोकांचा समावेश असलेली प्रचंड चाचणी सुरू केली. १९७९ मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला बीसीजी तेथे रोखू शकली नव्हती. निष्कर्ष कटू होता, पण तो सार्वजनिक पैशाने काढलेला आणि जगापुढे प्रामाणिकपणे ठेवलेला होता. तो लपवण्यात कोणाचाही नफा गुंतलेला नव्हता.

बीसीजीची दुसरी मर्यादा एचआयव्हीच्या साथीने उघडी पाडली. या लशीतील जंतू निर्बल असला तरी जिवंत असतो. रक्षक पेशी उरलेल्या नाहीत अशा बालकाच्या शरीरात लशीचाच जंतू पसरू शकतो आणि जीवघेणा ठरू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी ही प्रकरणे पुढे आणल्यावर, एचआयव्हीची बाधा निश्चित झालेल्या अर्भकांना बीसीजी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. विषाणूरोधक औषधांनी प्रकृती स्थिरावलेल्या बालकांपुरती ही बंदी २०१८ मध्ये सैल करण्यात आली. म्हणजे ज्यांना संरक्षणाची निकड सर्वाधिक, त्यांच्याच बाबतीत एकमेव लस धोक्याची ठरली. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी मृत जंतूची किंवा जंतूच्या निवडक प्रथिनांची लस शोधणे हे संशोधनाचे पहिले कर्तव्य व्हायला हवे होते.

सापडलेली वाट का सोडली?

तसे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. टांझानियात दार-एस-सलाम येथे २००१ पासून एचआयव्हीची बाधा असलेल्या सुमारे दोन हजार प्रौढांवर एका मृत जंतूच्या लशीची चाचणी झाली. या सर्वांना लहानपणी बीसीजी मिळालेली होती. चाचणीची मुख्य कसोटी रक्तावाटे सर्वांगात पसरलेल्या क्षयाची होती आणि तिच्यावर निर्णायक आकडा मिळाला नाही. परंतु निश्चित निदान झालेल्या क्षयाचे प्रमाण लस घेतलेल्यांत ३९ टक्क्यांनी कमी आढळले. २०१० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाचेही लशीने रक्षण होऊ शकते, असा हा मोलाचा संकेत होता.

यानंतर काय घडले? तो जंतू वाढवण्याची जुनी पद्धत मोठ्या उत्पादनास सोयीची नव्हती, म्हणून नवी पद्धत बसवण्यात वर्षे गेली. नव्या लशीच्या परिणामाची पुढची चाचणी टांझानियातच झाली, पण ती निरोगी किशोरवयीनांवर. लस संसर्ग रोखत नाही, असे २०२० मध्ये दिसून आले. ज्यांच्यात आशा दिसली होती, त्या एचआयव्हीबाधितांवर तशीच मोठी चाचणी पुन्हा झाली नाही, आणि ती लस परवान्यापर्यंत पोहोचली नाही.

ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी बनवलेल्या दुसऱ्या एका लशीची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि सेनेगल येथील ६५० एचआयव्हीबाधित प्रौढांवर झाली. तिला अपयश आल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. विज्ञानात अपयश येतेच आणि त्याबद्दल शास्त्रज्ञांना बोल लावणे अन्यायाचे ठरेल. पण एक दोन प्रयत्नांनंतर वाट सोडून देणे हा विज्ञानाचा नियम नव्हे. ज्या रोगाच्या रुग्णांपाशी पैसा असतो, त्या रोगाच्या बाबतीत दहा अपयशांनंतरही अकरावा प्रयत्न होत असतो.

नागिणीची लस आणि क्षयाची लस

'दुबळ्या प्रतिकारशक्तीवर लस चालत नाही' हा बहाणा एका ठळक उदाहरणाने कोसळतो. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या ब्रिटिश मक्तेदार कंपनीने लशीचा जोर वाढवणारे एक सहायक द्रव्य विकसित केले. चिली देशातील एका झाडाच्या सालीतून काढलेला अर्क हा त्याचा एक घटक आहे. हे द्रव्य कंपनीने ज्या लशींत वापरले, त्यांपैकी दोन येथे पाहू. पहिली नागिणीची, म्हणजे धनिक देशांतील वृद्धांना छळणाऱ्या रोगाची. दुसरी एम७२ नावाची, क्षयाची.

नागिणीच्या लशीला अमेरिकेत २०१७ मध्ये परवाना मिळाला. कर्करोगाचे, अवयवरोपणाचे, एचआयव्हीचे रुग्ण, अशा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांवर तिच्या चाचण्या झाल्या आणि २०२१ मध्ये तेथे अशा प्रौढांसाठीही तिला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये तिची विक्री तीन अब्ज पौंडांच्या वर गेली.

क्षयाच्या लशीची कहाणी याच्या उलट आहे. चेन्नईमध्ये एचआयव्हीबाधित भारतीय प्रौढांवर तिची सुरक्षिततेची चाचणी झाली. ती लस त्यांना सोसते आणि त्यांच्या शरीरात प्रतिसाद जागवते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया येथील सुमारे साडेतीन हजार प्रौढांवर परिणामाची चाचणी झाली, तीतून मात्र एचआयव्हीबाधितांना वगळण्यात आले होते. २०१८ आणि २०१९ मधील निष्कर्षांनुसार, ज्यांच्या शरीरात जंतू आधीच शिरलेला होता अशा प्रौढांत या लशीने फुप्फुसाचा क्षय सुमारे निम्म्याने घटवला. बीसीजीनंतर प्रौढांबाबत इतका आशादायक आकडा कोणी पाहिला नव्हता. नफ्याचे गणित सोडून विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने दुसऱ्याच दिवशी अंतिम चाचणीची तयारी सुरू केली असती. कंपनीने २०२० मध्ये ही लस पुढील विकासासाठी गेट्स प्रतिष्ठानाच्या संशोधन संस्थेकडे सोपवली आणि सहायक द्रव्याचा पुरवठा मात्र स्वतःच्या हाती ठेवला. अंतिम चाचणीचा पहिला डोस टोचला गेला तो मार्च २०२४ मध्ये.

तेच द्रव्य, तीच कंपनी, तेच शास्त्र. एक लस प्रतिकारशक्ती खचलेल्या धनिक रुग्णापर्यंत पोहोचली आणि दुसरी निरोगी गरिबापर्यंतही पोहोचलेली नाही. हा फरक जीवशास्त्राने पाडलेला नाही. न्यूयॉर्कमधील मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाच्या पेशी आणि धारावीतील वा लुसाकातील एचआयव्हीबाधित मजुराच्या पेशी यांत निसर्गाने भेद केलेला नाही. भेद त्यांच्या खिशांत आहे.

दानशूरांच्या मर्जीवर चालणारे शास्त्र

अंतिम चाचणीसाठी गेट्स प्रतिष्ठान आणि ब्रिटनचा वेलकम न्यास यांनी मिळून सुमारे ५५ कोटी डॉलर जाहीर केले. सुमारे वीस हजार माणसे तीत सामील झाली असून, औषधांनी प्रकृती स्थिर असलेल्या एचआयव्हीबाधितांचाही एक गट तीत आहे. या चाचणीचे स्वागतच केले पाहिजे. ती यशस्वी व्हावी अशी इच्छा प्रत्येक क्षयरुग्णाच्या कुटुंबाची असणार.

पण लाखो माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न दोन खाजगी तिजोऱ्यांच्या मर्जीवर का अवलंबून राहावा? पैसा देणाऱ्याने उद्या हात आखडता घेतला तर कोणत्या संसदेत त्याला जाब विचारता येईल? चाचणी कोणत्या देशात घ्यावी, कोणत्या गटाला आधी घ्यावे, लस सिद्ध झाल्यावर ती कोणी आणि कोणत्या किमतीला बनवावी, हे निर्णय जनतेपुढे होत नाहीत. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात असूनही चाचणीच्या देशांत भारत नाही. येथील मधुमेही, कुपोषित, एचआयव्हीबाधित माणसांत ही लस कशी चालते, याचे उत्तर या चाचणीतून थेट मिळणार नाही.

काही पुरोगामी मंडळीही दानाचे गुणगान गाताना हे विसरतात की, नफा कंपनीकडे आणि जोखीम दात्याकडे अशी ही वाटणी आहे. ज्या कामात नफा दिसत नाही ते धर्मादायाच्या गळ्यात, आणि ज्यात दिसतो ते भागधारकांच्या पदरात, ही मक्तेदार भांडवलाची जुनी रीत आहे.

प्रतिकारशक्ती कोण खच्ची करतो?

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. 'दुर्बल प्रतिकारशक्ती' हा शब्दप्रयोग असा वापरला जातो, जणू ती माणसाची जन्मजात उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच हिशेबानुसार २०२३ मध्ये जगातील सुमारे ९ लाख ६० हजार क्षयरुग्णांमागे कुपोषण हे कारण होते. हा आकडा एचआयव्हीमुळे घडलेल्या रुग्णांहून मोठा आहे. उपाशी शरीर रक्षक पेशी बनवू शकत नाही. विषाणूने जे एका माणसात घडते, ते उपासमारीने गावेच्या गावे भोगतात.

श्रमाच्या ठिकाणीही हेच घडते. दगडाच्या धुळीने फुप्फुस कठीण होते आणि अशा फुप्फुसात क्षयाचा जंतू सहज घर करतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या हे घडत आले. सिलिकोसिस आणि क्षयाने ग्रासलेल्या खाणकामगारांना सामुदायिक दाव्यानंतर २०१९ मध्ये पाच अब्ज रँडच्या भरपाईची तडजोड मिळवता आली. मध्य प्रदेशातील अलिराजपूर आणि झाबुआ भागांतील आदिवासी गुजरातेतील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. हे तट निसर्गाने पाडलेले नाहीत. ते मालकांनी पाडले आहेत.

झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात भारतीय संशोधकांनी सार्वजनिक पैशाने एक महत्त्वाची चाचणी केली. क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा तीत समावेश होता. एका गटातील प्रत्येक प्रौढाला सहा महिने दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. दार-एस-सलामच्या लशीनेही हाच आकडा गाठला होता. दोन्ही चाचण्यांतील माणसे वेगळी, परिस्थिती वेगळी, म्हणून आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पण खचलेला तट डाळभातानेही पुन्हा उभा राहतो, ही गोष्ट त्यातून निर्विवाद ठरते.

येथे दोन चुकीच्या मतांचा समाचार घेणे जरूर आहे. पहिले मत सरकारी तज्ज्ञांचे. नवी लस आली की क्षयाचा प्रश्न मिटेल, मग रेशन, घरे, खाणीतील धूळ यांकडे पाहण्याचे कारण नाही, असे हे मत आहे. चेंगलपट्टूच्या अनुभवाने या भ्रमाला कधीच उत्तर दिले आहे. दुसरे मत चळवळीतल्याच काही उतावळ्या मंडळींचे. क्षय हा दारिद्र्याचा रोग असल्याने दारिद्र्य हटवणे हाच उपाय, लस म्हणजे कंपन्यांचा धंदा, असे ते म्हणतात. हे मत ऐकायला जहाल वाटते, पण एचआयव्हीबाधित स्त्रीला, मूत्रपिंड बदललेल्या गिरणी कामगाराला, सिलिकोसिस जडलेल्या खाणमजुराला ते काय देते? यांचे शरीर पोटभर अन्न मिळूनही पूर्ववत होणार नाही. त्यांना लस हवी, आणि ती त्यांच्यासाठी बनवलेली, त्यांच्यावर काळजीपूर्वक तपासलेली हवी. धंदा लशीचा होतो म्हणून लस सोडून द्यायची नसते, ती धंद्याच्या तावडीतून सोडवायची असते. अन्न आणि लस यांत निवड करायला सांगणारा माणूस दोन्ही नाकारण्याचीच तयारी करत असतो.

सरकारचे वर्तन मात्र दोन्ही बाबतींत दिवाळखोरीचे आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये आली आणि २०२४ च्या अखेरीस ती रक्कम १,००० रुपये झाली. शिध्यासाठी मात्र २०२२ पासून 'निक्षय मित्र' नावाने दात्यांना आवाहन करण्यात आले. ज्याचा अन्नावर हक्क आहे त्याला दात्याच्या टोपलीची वाट पाहायला लावणे, याला आरोग्यधोरण म्हणत नाहीत.

सार्वजनिक प्रयोगशाळांचे काय केले?

लस बनवण्याची क्षमता या देशात नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. गिंडीची बीसीजी प्रयोगशाळा, कुन्नूरची पाश्चर संस्था आणि कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था यांनी दशकानुदशके देशाच्या बालकांना लशी पुरवल्या. जानेवारी २००८ मध्ये उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत, असे कारण देऊन या तिन्ही संस्थांचे परवाने केंद्र सरकारने स्थगित केले. निकष पाळण्यासाठी यंत्रसामग्री आणि निधी देणे हे सरकारचेच काम होते. ते वेळेवर न करता त्याच त्रुटीकडे बोट दाखवून कुलूप लावण्यात आले. तीव्र विरोधानंतर २०१० मध्ये स्थगिती उठली, पण मधल्या काळात बाजार खाजगी उत्पादकांच्या हाती गेला होता.

ज्या चेंगलपट्टूत गरीब शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी बीसीजीच्या चाचणीसाठी आपले दंड पुढे केले, तेथेच सार्वजनिक क्षेत्रातील लसनिर्मिती संकुल शेकडो कोटी रुपये खर्चून उभारण्यात आले. २०२१ मध्ये कोव्हिडने देशात प्रेतांचे ढीग पडत असतानाही ते संकुल उत्पादनाविना पडून होते.

ज्ञानाचीही हीच गत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली एका निरुपद्रवी जंतूपासून मृत जंतूची लस विकसित झाली. ती प्रथम कुष्ठरोगासाठी वापरली गेली आणि तिचे उत्पादन खाजगी कंपनीकडे गेले. हीच लस आणि जर्मनीत शोधलेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित करण्यासाठी घेतलेली सुधारित बीसीजी, या दोहोंची चाचणी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये क्षयरुग्णांच्या घरातील सुमारे बारा हजार माणसांवर सुरू केली. म्हणजे बुद्धी सार्वजनिक, चाचणीचा खर्च सार्वजनिक, दंड जनतेचे. मग लस सिद्ध झाल्यास तिची मालकी कोणाची असणार?

जनतेने काय मागावे?

हा लढा जिंकता येतो, याचा पुरावा ताजा आहे. बेडाक्विलिन या क्षयावरील औषधाची मक्तेदारी लांबवण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीने केलेला पेटंटचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची एक आणि दक्षिण आफ्रिकेची एक, अशा क्षयातून वाचलेल्या दोन तरुणी होत्या. औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. त्यांनी दया मागितली नाही, कायद्याचे हत्यार हाती घेतले.

त्याच निर्धाराने क्षयाच्या लशीबाबत कामगार संघटना, किसान सभा, आरोग्य कर्मचारी आणि एचआयव्हीबाधितांच्या संघटना यांनी पुढील मागण्या एकत्रितपणे लावून धरल्या पाहिजेत. प्रौढांसाठीच्या प्रत्येक नव्या लशीची तपासणी एचआयव्हीबाधित, मधुमेही, सिलिकोसिसग्रस्त आणि कुपोषित माणसांवर सुरुवातीपासून, योग्य संरक्षणाखाली आणि त्यांच्या संमतीने व्हावी. मृत जंतूंच्या आणि प्रथिनांच्या लशींच्या संशोधनाला सार्वजनिक निधीत अग्रक्रम मिळावा. सार्वजनिक पैशाने सिद्ध झालेल्या लशीवर सार्वजनिक मालकी असावी आणि तिचे उत्पादन गिंडी, कुन्नूर, चेंगलपट्टू येथील सरकारी संस्थांत व्हावे. परदेशी कंपनीची लस यशस्वी ठरल्यास तिच्या सहायक द्रव्यासह तंत्रज्ञान मिळवण्यासाठी सक्तीच्या परवान्याचा अधिकार सरकारने वापरावा. आणि क्षयरुग्णाच्या घरातील प्रत्येक माणसाला झारखंडच्या चाचणीइतका शिधा दात्यांच्या टोपलीतून नव्हे, रेशन दुकानातून, हक्काने मिळावा.

यांतील एकही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. नागिणीच्या लशीने ते सिद्ध केले आहे. ज्यांच्या शरीराचे तट उपासमारीने, धुळीने आणि विषाणूने पाडले, त्यांना रांगेच्या शेवटून पुढे आणायचे की नाही, हा निर्णय प्रयोगशाळेत होणार नाही. तो करायला सत्ताधाऱ्यांना भाग पाडणे हे संघटित कष्टकऱ्यांचे काम आहे.